सातशे वीस, सातशे एकवीस

‘आपण डायल केलेला क्रमांक अस्तित्वात नाही,’ बाई म्हणाली. आधी मराठीत म्हणाली, मग हिंदीत, मग इंग्रजीत, आणि पुन्हा मराठीत. आवाजात राग नाही, लोभ नाही, शवागाराच्या दारात नाव पुकारावं तसा. त्रिंबकनं रिसीव्हर कानापासून लांब धरला, त्याच्याकडं बघितलं आणि पुन्हा कानाला लावला. औरंगपुऱ्यातला रोजचा बूथ, शाळेची मधली सुट्टी, बाहेर भेळेच्या गाडीवर नववीची पोरं एकमेकांच्या मुंड्या पिरगाळताहेत, आणि आत काचेच्या पेटीत घाम पुसत उभा असलेला हा गणिताचा मास्तर. त्याच्या घराचा नंबर, ज्या घरात आज सकाळी त्यानं चहा पिला, भांडण केलं आणि पायजमा खुंटीला टांगला, तो नंबर अस्तित्वात नाही. बंद आहे, बिघडलाय, बिल थकलंय, असलं काही नाही. अस्तित्वातच नाही. घरात बायको एकटी होती. द्वारका? गॅस? असं कायबाय डोक्यात येऊन गेलं, आणि मग त्याला आठवलं. रविवारपासून शहरातल्या सगळ्या नंबरांच्या पुढं दोन लागलाय. पेपरात आलं होतं, बिलाबरोबर चिठ्ठी आली होती, आणि आठवडाभर घरात याच विषयावर तोच थयथयाट करत होता. ज्याला तो दोन सगळ्यात जास्त टोचला, तोच तो लावायला विसरला. माणूस हे असलं जनावर आहे.

त्यानं पुन्हा फिरवला, दोन लावून. द्वारकानं उचलला. ‘आईचा फोन आला का?’ तो म्हणाला. ‘नाही आला,’ ती म्हणाली, ‘मी सकाळपासून फोनपाशीच बसलेय. सांडू भावजींनी शिफ्टला जायच्या आधीच शेंद्र्याहून बसमध्ये बसवल्यात म्हणे. शेजारणीचा नवरा तिकडून रात्रपाळी करून आला, त्यानं निरोप दिला.’ मग ती म्हणाली, ‘अहो, त्यांना कुठं माहितीय दोनचं?’

बूथवाल्यानं पावती फाडली. त्रिंबक ती न घेताच बाहेर आला. पाचव्या तासाला त्याचा आठवी ब होता. आठवी ब गेली खड्ड्यात. स्कूटर तीन लाथांनी सुरू झाली नाही, चौथ्या लाथेला झाली. आज मार्चची पहिली तारीख. मार्चच्या पहिल्या तारखेला आई धाकट्या भावाकडून, सांडूकडून, त्याच्याकडं येते. सिडकोच्या स्टँडावर उतरते, स्टँडातल्या बूथवर जाते, बूथवाल्याला नंबर सांगते, आणि तो स्कूटर घेऊन आणायला जातो. गारखेड्यातल्या त्याच्या कॉलनीचं नाव तिच्या जिभेवर कधी बसलं नाही. कॉलनीची नावं ठेवणाऱ्यांनी ती मेंढपाळांच्या बायकांसाठी ठेवलेली नसतात. तिच्यापाशी मुलाच्या घराचा पत्ता म्हणजे एक आकडा होता. आणि तो आकडा त्यानंच तिला दिला होता.

फोन आला तेव्हाची गोष्ट. सहा-सात वर्षं नंबर लावून वाट बघितल्यावर एक खाकी माणूस तार ओढून गेला, आणि काळा डबा कपाटावर बसला. ७२०७२१. त्रिंबकनं तो आकडा पहिल्यांदा वाचला तेव्हाच त्याच्या आत काहीतरी हललं. सातशे वीस सलग दोनदा लिहिलं तर सात लाख वीस हजार सातशे वीस होतात. कोणतीही तीन आकडी संख्या अशी दोनदा लिहिली, म्हणजे तिला एक हजार एकनं गुणलं. आणि हजार एकच्या पोटात सात, अकरा आणि तेरा बसलेले असतात. सातशे वीसच्या पोटात सोळा, नऊ आणि पाच. सगळे एकत्र केले की दोनपासून सोळापर्यंत कोणीही या, निःशेष भाग जातो. ती संख्या म्हणजे सोळा जणांची पंगत, कोणी उपाशी उठत नाही. आणि त्याचा नंबर त्याच्या पुढचा, एकानं जास्त. म्हणजे दोननं भागा, बाकी एक. तीननं भागा, बाकी एक. सातानं, अकरानं, चौदानं, सोळानं. कशानंही भागा, एक उरतोच. फोनपाशी उकिडवा बसून त्यानं हे सगळं तोंडी केलं तेव्हा त्याला रडू यायचं बाकी राहिलं. आपल्यावरच कोणीतरी हा आकडा बेतलाय असं वाटलं. स्टाफरूममध्ये चौघं चौघं डबे उघडत तेव्हा हा पाचवा. गावात गेला की ‘मास्तर’ म्हणून बाजेवर वेगळा बसवलेला. शहरात ‘धनगराचा आहे, पण हुशार आहे हं,’ असं त्या ‘पण’वर जोर देऊन कौतुक करणारी ती गोरी, कोकरासारखी मऊ, हलकट माणसं. कोणत्याही वाटणीत न बसणारा उरलेला एक.

आई तेव्हा चार दिवस त्याच्याकडं आलेली होती, बा जिवंत होता, वाटण्या व्हायच्या होत्या. त्यानं तिला नंबर वाचून दाखवला, ‘सातशे वीस, सातशे एकवीस.’ लिहितावाचता न येणारी कस्तुराबाई भिंतीला टेकून बसली होती. ती हसली. ‘व्हय की,’ म्हणाली, ‘मोजली सातशे वीस, हाईत सातशे एकवीस. वरचं देवाचं.’ मग म्हणाली, ‘एवढी मेंढरं तुझ्या बाच्या सात पिढ्यांनी बघितली नाय. आता फोनात बघायची.’ त्या दिवसापासून तिचा नंबर पाठ.

कारण मल्हारराव, त्रिंबकचा बा, मेंढरं तशीच मोजायचा. संध्याकाळी वाघर, म्हणजे मेंढरांभोवतीची जाळी, एका ठिकाणी उचलून फट करायची, फटीत दोन पाय फाकून उभं राहायचं, आणि मेंढरं जोडीजोडीनं आत सोडायची. वीस झाली की एक खडा धोतराच्या सोग्यात. कळप संपत आला की बा मान वळवून आभाळाकडं बघायचा, आणि शेवटचं एक मेंढरू त्याच्या पायाला घासून न मोजता आत जायचं. सगळा कळप मोजला की नजर लागते. मोजलेलं आपलं, न मोजलेलं देवाचं. पोलीस ॲक्शन झाल्यानंतरच्या साली नवा अंमल आला, नवा कारकून मेंढरं मोजायला आला, आणि त्याच्या मोजणीत एक जास्त भरलं. ‘एक लपवलंस,’ कारकून म्हणाला. ‘लपवलं नाय सायब,’ बा म्हणाला, ‘सोडलं.’ त्या एका शब्दापायी बानं थोबाडीत खाल्ली होती, आणि ही गोष्ट तो आयुष्यभर हसत सांगायचा. निजामाच्या माणसाची थोबाडीत उर्दूत बसायची, ही मराठीत बसली, एवढाच काय तो फरक, म्हणायचा.

क्रांती चौकात सिग्नल लाल झाला. त्रिंबकच्या पुढं एक टेम्पो, टेम्पोच्या मागं नंबर, शेजारच्या मोटारसायकलवर नंबर. त्याच्या डोक्यानं सवयीनं त्यांचे तुकडे पाडले, हा तीननं जातो, हा अकरानं. त्याला स्वतःची किळस आली. आई कुठंतरी ऊन तोंडावर घेऊन बसलीय आणि तू गाड्यांना भाग घालतोयस. आठवडाभर तेच केलंस. दोन लागणार कळलं त्या दिवशी रात्रीचं जेवण सोडून तू पेन्सिल घेऊन बसलास. सत्तावीस लाख वीस हजार सातशे एकवीस. अंकांची बेरीज एकवीस. तीननं भाग जातो! हे तू असं ओरडलास की द्वारका स्वयंपाकघरातून पळत आली. ‘तीननं जातो गं,’ तू म्हणालास, ‘बघ, त्यांनी पुढं एक दोन काय ठेवला, माझ्या नंबरची पार माती केली. नऊ लाख सहा हजार नऊशे सात, तीन वाट्या, बाकी शून्य.’ द्वारका म्हणाली, ‘मग काय झालं? फोन लागला म्हणजे झालं.’ तू तिला अडाणी म्हणालास. म्हणालास ना? आणि त्या आठवड्यात एकदाही, एकदाही तुझ्या मनात आलं नाही, की शेंद्र्याला निरोप धाडावा, आईला सांगावं, बाई, आकडा बदलला.

तीन वाट्या. हाच शब्द त्याला का झोंबला, हे त्याला माहीत होतं, आणि द्वारकालाही माहीत होतं, म्हणून ती जास्त बोलली नाही. बाच्या तेराव्याला लिंबाखाली सगळी भावकी बसली. जमीन फुलंब्रीकडची, ती थोरला भाऊ कडूबा कसायचा, त्यालाच गेली. मेंढरं होती तेवढी विकली. सांडूला शेंद्र्याच्या कारखान्यात चिकटवायचं होतं, ते चिकटवलं. सगळं सरळ झालं. मग एक सोयरा दात कोरत म्हणाला, ‘आन म्हातारी?’ सगळ्यांनी तिन्ही भावांकडं बघितलं. मग तोच म्हणाला, ‘मास्तर, तू गणिताचा माणूस. तूच सांग.’ आणि त्रिंबकनं सांगितलं. त्याला तेव्हा वाटलंही नाही की आपण काही बोलतोय. वर्गात हात वर केलेल्या पोराला उत्तर द्यावं तसं तोंडातून निघून गेलं. ‘बारा भागिले तीन. चार. बाकी शून्य.’ ‘झालं की मग!’ भावकी म्हणाली, आणि माणसं ढुंगण झटकून उठायला लागली. आई थोड्या अंतरावर ज्वारी निवडत बसली होती. मान वर न करता ती म्हणाली, ‘आन धोंड्याचा महिना आला मंजी?’ दर तिसऱ्या वर्षाला अधिक महिना येतो, तो तेरावा. तो कोणाचा, असं तिला विचारायचं होतं. लोक खो खो हसले. कडूबा म्हणाला, ‘म्हातारी हिशोबाला लई पक्की.’ आणि त्रिंबक, तो विद्वान, तो म्हणाला, ‘आपण इंग्रजी महिने धरू. त्यात तेरावा नसतो.’ मार्च ते जून त्याच्याकडं, जुलै ते ऑक्टोबर कडूबाकडं, नोव्हेंबर ते फेब्रुवारी सांडूकडं. एवढी वर्षं तेच चाललं होतं, घड्याळासारखं, आणि घरात कोणालाही वाईट म्हणायला जागा नव्हती. द्वारका सासूला तूप-भात कालवून घालायची. एकदा तिला तो उगाच म्हणाला, ‘तुला काय, चार महिन्यांचा प्रश्न.’ ती झटकन म्हणाली, ‘मी कधी चार म्हटलं? चार तुम्ही म्हणालात.’ आईची घडीची खाट जूनच्या शेवटी घडी होऊन कपाटामागं जायची तेव्हा तिच्या लोखंडी पायांचा जो आवाज व्हायचा, तो ऐकायला नको म्हणून तो त्या दिवशी संध्याकाळी उगाचच भाजी आणायला जायचा.

सिडको स्टँडात त्यानं स्कूटर दोन रिक्षांच्या मधे खुपसली. रिक्षावाला म्हणाला, ‘अबे ओ मास्टर, बाप का स्टँड है क्या?’ त्यानं ऐकलं नाही. बूथवाला पोट खाजवत बसला होता. ‘एक म्हातारी आली होती का? हिरवं लुगडं, कपाळाला गोंदण?’ ‘आली होती ना भाऊ,’ बूथवाला म्हणाला, ‘तीनदा लावून दिला. ती आतली बाई सांगायली, नंबर नाही म्हणून. मी म्हटलं, मावशी नंबर चुकतोय. ती म्हणे नाय चुकत, सातशे वीस मेंढरं न् देवाचं एक. मी म्हटलं, मावशी इथं फोन लागतो, मेंढरं नाही लागत.’ तो स्वतःच्याच विनोदावर हसला. त्रिंबकचं तोंड बघून थांबला. ‘पुढं दोन लावून बघितला नाही?’ त्रिंबक म्हणाला. ‘तिनं सांगितला तसा लावला. मला काय माहीत गावातला आहे का बाहेरचा,’ बूथवाला म्हणाला. ‘पैसे नाही घेतले मी.’ आणि कुठं गेली, तर त्यानं हनुवटीनं स्टँडभर गोल दाखवलं.

बाकांवर बघितलं. पाण्याच्या टाकीपाशी, बायकांच्या मुतारीबाहेर, जालन्याच्या गाडीपाशी बघितलं. हिरवी लुगडी किती असावीत या जगात! प्रत्येक हिरव्या लुगड्यापाशी तो धावत जायचा आणि तोंड बघून परत फिरायचा. एका बाईच्या खांद्याला त्यानं हातच लावला. ती वळली तर तिशीची, ‘ओ मामा!’ म्हणून ओरडली. चौकशीच्या खिडकीत माणूस नव्हता, त्याचा चष्मा होता. उन्हानं डांबर मऊ झालं होतं, डिझेलच्या धुरानं डोळे चुरचुरत होते, आणि त्या सगळ्यात त्याच्या डोक्यात तो आकडा भुंग्यासारखा फिरत होता. सातशे वीस, सातशे एकवीस. कितीतरी वर्षं त्यानं प्रत्येक नव्या दहावीला सांगितलं होतं, पोरांनो, माझ्या घरचा फोन मूळ संख्या आहे. त्याला स्वतःशिवाय आणि एकाशिवाय कोणी भागू शकत नाही. पोरं माना डोलवायची. तपासलं कोणीच नाही. आणि त्यानं? टाकीच्या सावलीत भिंतीला पाठ लावून तो उभा राहिला, आणि हे त्याला लख्ख दिसलं. त्यानंही पुरतं तपासलं नव्हतं. नियम त्याला माहीत होता, दरवर्षी शिकवत होता. आठशे एकोणपन्नासचा वर्ग त्या संख्येच्या वर जातो, म्हणजे त्याच्या आतल्या सगळ्या मूळ संख्यांनी भागून बघायला पाहिजे. सोळापर्यंत बघायचं कारणच नव्हतं. मग सतरा, एकोणीस, तेवीस असं तो चढत गेला होता, फोन आल्यानंतरच्या एका संध्याकाळी, गॅलरीत बसून. सदुसष्टनं भागलं, बाकी दोन उरली. आणि फोन वाजला. कडूबाचा होता, गावच्या दुकानातून. ‘मास्तर, बा गेला.’ पेन्सिल गॅलरीतून खाली पडली होती. नंतर कधी तो त्या भागाकाराकडं परत गेला नाही. पुढं कशाला बघायचं, एवढ्यांना दाद दिली नाही तो पुढं काय देणार, असं म्हणून त्यानं तो आकडा मूळ ठरवून टाकला. ठरवून टाकला! जसं बारा भागिले तीन ठरवलं.

सदुसष्टच्या पुढची मूळ संख्या एकाहत्तर. त्याला करायचं नव्हतं. शपथ घेऊन, करायचं नव्हतं. समोर बसगाड्या मागं-पुढं होत होत्या, कुणीतरी ‘सिल्लोड, सिल्लोड’ ओरडत होतं, आणि डोकं आपसूक चाललं. बहात्तरात एकदा, उरला एक. शून्य घेतलं, दहा. जात नाही, शून्य. सात घेतले, एकशे सात. एकदा, उरले छत्तीस. दोन घेतले, तीनशे बासष्ट; पाचदा, तीनशे पंचावन्न, उरले सात. एक घेतला. एकाहत्तर. एकाहत्तरात एकाहत्तर एकदा. बाकी शून्य.

शून्य. त्यानं पुन्हा केलं, बोटांनी भिंतीवर लिहीत. शून्यच. एकाहत्तरची दहा हजार एकशे एकावन्न पट. तो आकडा कधीच अभंग नव्हता. पेन्सिल पडली नसती तर त्याच संध्याकाळी, त्याच्या पुढच्याच पायरीला तो फुटला असता. ज्याच्या जिवावर तो एवढी वर्षं स्वतःला उरलेला, वेगळा, कोणाच्या वाटणीत न बसणारा म्हणवत होता, तो साधा दोन तुकड्यांचा दगड होता. दोन लागल्यानं त्याची माती झाली नव्हती. तो आधीपासून तसाच होता. त्याला हसू यायला लागलं, घाणेरडं. उरलेला म्हणे! उरलेलं कोण आहे ते तुला एवढ्या वर्षांत दिसलं नाही, गाढवा? शिरगणतीच्या वेळी तूच नव्हतास का सरकारी पिशवी लटकवून घरोघर फिरत? सगळी कॉलनी मोजलीस, कुत्र्यांची नावंसुद्धा पाठ झाली. स्वतःचं घर पहिल्याच दिवशी लिहिलंस, पोरगी पुण्याला दिलेली, माणसं दोन. आई तेव्हा सांडूकडं. सांडूकडं मोजणारा गेला तर सांडू म्हणाला, ती आता पहिल्या तारखेला मास्तरकडं जायलीय, मास्तर सोता मोजायलाय, तिकडं धरतील. कडूबाकडं तर प्रश्नच नव्हता. तीन भाऊ, तीन घरं, आणि देशाच्या शंभर कोटींत ही बाई कुठंच नाही. पुढं कधीतरी हे बोलण्यात निघालं तेव्हा सगळे चपापले. आईच तेवढी पोट धरून हसली. ‘बरं झालं,’ म्हणाली, ‘नजर नाय लागायची. देवाचं एक.’ आणि तेही हसले, सगळे, तोही.

‘फुलंब्री, फुलंब्री! बोला फुलंब्री!’

त्यानं मान वर केली. फुलंब्रीची गाडी स्टँडातून निघायच्या बेतात, इंजिन सुरू, आणि तिसऱ्या खिडकीत गजांमागं हिरवा पदर. ती होती. मांडीवर गाठोडं, गाठोड्यावर दोन्ही हात, समोर बघत, बाजारात नेलेल्या मेंढरासारखी निवांत. तो धावला, दार उघडून आत चढला, एका माणसाच्या पायावर पाय दिला. ‘आई!’

कस्तुराबाईनं वळून बघितलं. ‘आला का,’ ती म्हणाली. ‘शाळा सुटली?’

‘इथं कशाला बसलीस?’

‘कडूबाकडं निघाले.’

‘कडूबाकडं कशाला? आज माझ्याकडं...’ पाळी हा शब्द जिभेवर आला आणि तिथंच थिजला.

‘फोन लावला की,’ ती म्हणाली. ‘एकदा नाय, तीनदा लावला त्या पोट्ट्यानं. मला पण ऐकवला. आतली बाई म्हणायली, असं घरच नाय.’ तिच्या बोलण्यात रुसवा नव्हता, तेच वाईट होतं. घर हाय म्हटलं तर जायचं, नाय म्हटलं तर नाय. ‘मंग म्हटलं, तुझ्यामागं कडूबाचीच बारी. चार महिनं आधी गेलं तर हाकलून तर नाय देणार. का देतोय?’

‘आई, नंबर बदललाय.’

‘घर बदललं?’

‘घर तेच. नंबर बदलला. सगळ्यांचाच. पुढं दोन लावायचा आता.’

‘कशाला?’

‘माणसं वाढली शहरात. जुने नंबर पुरेनात.’

‘माणसं वाढली आन फोन लागना,’ ती मागच्या सीटवरच्या बाईला म्हणाली. बाई तोंडाला पदर लावून हसली. कंडक्टर तिकिटाचा चिमटा वाजवत आला. ‘पाव्हणं, उतरायचं का बसायचं? ठरवा. ही काय तुमची बैठक नाही.’ ‘उतरतोय,’ त्रिंबक म्हणाला आणि त्यानं गाठोड्याला हात घातला. आईनं गाठोडं सोडलं नाही. ‘टिकीट काढलंय मी,’ ती म्हणाली. ‘राहू दे,’ तो म्हणाला. ‘राहू दे कसं?’ ‘राहू दे म्हटलं ना!’ तो ओरडला, एवढ्या जोरात की ड्रायव्हरनं आरशातून बघितलं. कस्तुराबाईनं एक क्षण त्याच्या तोंडाकडं बघितलं. लहानपणी ताप आहे का बघायला बघायची तसं. मग गाठोडं त्याच्याकडं न देता, काखेत मारून, एकेक पायरी उलटी उतरत ती खाली आली. गाडी त्यांच्या अंगावर धूर सोडून गेली.

उन्हात ती दोघं उभी होती. तो पुढं चालला, मग ती मागं राहिली म्हणून थांबला. ती ओठ हलवत होती. ‘काय म्हणतेस?’ ‘ध्यानात ठिवायलेय,’ ती म्हणाली. ‘आदी काय म्हणलास, दोन?’ ‘दोन.’ ‘मंग तेच? सातशे वीस, सातशे एकवीस?’ ‘तेच.’ ती चालता चालता थबकली. बोटं एकमेकांना लावून बघितली, बा खडे चाचपायचा तशी. ‘मंग सोपं हाय की,’ ती म्हणाली. ‘आदी तुम्ही दोघं, तू न् द्वारका. मंग मेंढरं. मंग देवाचं एक.’

त्रिंबक जागीच थांबला. वीस लाखाला तीननं भागलं तर दोन उरतात. जुन्या नंबराला तीननं भागलं तर एक उरतो. ते दोन आणि हा एक, म्हणून तर भाग जातो. आठवडाभर तो ज्या तीनवर दात खात होता त्यात त्याला तीन भाऊ दिसले होते, तीन वाट्या दिसल्या होत्या, लिंबाखालची भावकी दिसली होती. उरलेला एक दोघांत येऊन बसला की बाकी शून्य होते, हे त्याला दिसलं नव्हतं. त्याला तिला हे सांगावंसं वाटलं, आणि लगेच स्वतःची लाजही वाटली. आईला अजून गणितच सांगणार आहेस का? भर उन्हात? तिच्या पायात चप्पल आहे का ते तरी बघ. त्यानं बघितलं. होती. सांडूच्या जुन्या चपला होत्या, दोन बोटं मोठ्या.

‘पाठ करू नको,’ तो म्हणाला. आवाज त्याला हवा तसा निघाला नाही, वर्गात दटावल्यासारखा निघाला. ‘नंबर लागणार नाही तुला.’

‘लागंल की. जून सरला की कडूबाकडं, तिथून सांडूकडं. परत मार्चात याच स्टँडात उतरायचं हाय.’

‘नाही उतरायचं.’

‘का? कडूबा मेला का काय?’

‘कुठंच जायचं नाही तुला. तो भागाकार चुकला होता.’

‘कंचा?’

‘लिंबाखालचा. बारा भागिले तीन.’

कस्तुराबाईनं गाठोडं दुसऱ्या काखेत घेतलं. स्कूटरपाशी तो रिक्षावाला अजून होता. त्यानं तोंड उघडलं होतं, पण म्हातारीला बघून त्यानं मुकाट्यानं रिक्षा मागं घेतली. त्रिंबकनं स्कूटरला लाथ मारली. सुरू झाली नाही. त्याला वाटत होतं ती काहीतरी म्हणेल, रडेल, निदान नको म्हणेल, द्वारकाला इचारलंस का म्हणेल. द्वारकाला त्यानं विचारलंही नव्हतं, पण चार तुम्ही म्हणालात, हे तिचं वाक्य त्याला पुरेसं वाटत होतं, आणि पुरेसं आहे की नाही याची धडकीही भरली होती. त्यानं दुसरी लाथ मारली. ती गाठोडं मांडीवर घेऊन, एका अंगानं, मागं बसली. तिचं वजन असं नव्हतंच.

‘मास्तर असून चुकला?’ ती मागून म्हणाली.

‘व्हय,’ तो म्हणाला. गाव सोडल्यापासून त्याच्या तोंडून व्हय निघालं नव्हतं.

‘धोंड्याचा महिना धरला नव्हतास,’ ती म्हणाली. ‘मी तवाच म्हणले.’

स्कूटर सुरू झाली. जालना रोडच्या गर्दीत, ट्रकांच्या भोंग्यांत, तिचा हात त्याच्या खांद्यावर होता, आणि कानामागं, वाऱ्यानं तुटत तुटत, तिचा आवाज येत होता. विश्वास ठेवून फसलेलं माणूस ठेवतं तसा, अर्धा विश्वास ठेवून, ती घोकत होती: दोन. सातशे वीस. सातशे एकवीस. त्यानं तिला थांबवलं नाही. जून सरल्यावर थांबली तर थांबेल.